पाळलेला कोळी डब्याबाहेर कसा पडतो आणि त्याला आत कसे ठेवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातील चौथ्या मजल्यावरच्या एका घरात मेक्सिकन रेडनी जातीची प्रौढ टॅरंटुला (मोठा केसाळ कोळी) मादी, पिंकटो या टॅरंटुलाच्याच दुसऱ्या जातीची तीन पिल्ले आणि मुलीच्या हौसेखातर आणलेले काही काडीकिडे (काडीसारखे दिसणारे कीटक) आहेत. जुलैमध्ये रेडनी काचेच्या पेटीवरचे ३ मिलिमीटर जाडीचे ऍक्रिलिकचे झाकण सरकवून बाहेर पडली आणि चौथ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या मागे सापडली. त्यानंतर आठवड्याभरातच पिंकटोचे एक पिल्लू नाहीसे झाले, ते अजून मिळालेले नाही. झाकणावर जाड पुस्तक ठेवावे असा सल्ला एका मित्राने दिला आहे. तो पुरेसा आहे का, आणि पुढे विंचू व घोण आणायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी काय वेगळे करावे लागेल, असे त्या घरच्यांनी विचारले आहे.

गेली २२ वर्षे मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातील जिवंत संग्रहाची देखभाल करतो, आणि घरी असे प्राणी ठेवणाऱ्या अनेकांच्या पेट्या मी तपासून दिल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की पुस्तकाने तुमचे काम होणार नाही, उलट ते वाढेल. पावसाळ्यात पेटीच्या आतली हवा ओली असते आणि बाहेरच्या बाजूला पंख्याची किंवा वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा लागते. ऍक्रिलिक ओलावा शोषून किंचित फुगते. आतली बाजू फुगली आणि बाहेरची तेवढी फुगली नाही, की तक्ता मध्ये खाली दबतो आणि त्याचे चारही कोपरे वर उचलले जातात. अशा तक्त्याच्या मधोमध पुस्तक ठेवले तर मध्यभाग आणखी दबतो, कोपरे तसेच राहतात. तुमच्या रेडनीचे शरीर त्या पाचसहा मिलिमीटरच्या फटीतून जाऊ शकत नव्हते, पण पायाचे टोक जाऊ शकत होते. टॅरंटुला रात्री काचेवर चढून कोपऱ्याकोपऱ्यात पायांनी चाचपणी करते. पायाचे टोक फटीत अडकले की बाकीचे पाय काचेवर रोवून ती झाकण ढकलत राहते, आणि नुसते वर ठेवलेले, न अडकवलेले झाकण तेवढ्याने सरकते. त्यामुळे झाकण ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्यावे, त्याला दोन समोरासमोरच्या बाजूंना कडी किंवा क्लिप असावी, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला ते उलटे करून बसवावे, म्हणजे वाक विरुद्ध दिशेने भरून निघतो. काचेचे सरकते झाकण असेल तर त्याला छोटे शोकेस कुलूप लावावे. घरात लहान मूल आहे म्हणून कुलपाचा आग्रह मी अधिकच धरतो.

आता फट किती चालते याचे गणित पाहू, कारण बहुतेक चुका इथेच होतात. कोळ्याचे पोट मऊ असते, ते दबून लांबट होते आणि आश्चर्य वाटावे इतक्या अरुंद जागेतून निघते. जे दबत नाही ते पुढच्या भागावरचे, म्हणजे शिरोवक्षावरचे कठीण कवच. ते कवच जिथून गेले तिथून सगळा कोळी गेला असे समजावे. पायांचा पसारा पाहून ‘एवढा मोठा प्राणी या छिद्रातून कसा जाईल’ असा जो अंदाज आपण बांधतो, तो नेहमी चुकतो. कवच मोजण्यासाठी प्राण्याला हात लावण्याची गरज नसते. कोळी कात टाकतो तेव्हा कवच झाकणासारखे उघडून वेगळे होते आणि कातीसोबत पेटीत पडून राहते. ते चिमट्याने उचलून पट्टीवर किंवा व्हर्नियरवर (बारीक मापे घेण्याच्या साधनावर) मोजता येते. गोल छिद्राचा व्यास त्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असावा असा नियम मी पाळतो. लांबट फटीला मात्र रुंदी लागू होत नाही, तिथे शरीराची जाडी मोजली जाते, आणि जाडी रुंदीपेक्षा बरीच कमी असते. म्हणून छिद्रांपेक्षा झाकणाच्या कडेची फट अधिक धोक्याची. ती तपासायला मी जुनी बँक कार्डे वापरतो. एका कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. पिल्लांच्या डब्याच्या झाकणाखाली सगळीकडून एक कार्ड सरकवून पाहावे. ते कुठेही आत गेले तर तो डबा पिल्लासाठी निकामी समजावा.

तुमचे पिंकटोचे पिल्लू कसे गेले असावे, हे मात्र फटीशिवायही सांगता येते. पिंकटो झाडावर राहणारा कोळी आहे. डब्याच्या वरच्या भागात, बहुतेक वेळा थेट झाकणाला लावून, तो जाळ्याची नळी विणतो आणि दिवसभर तिच्यात बसून राहतो. आपण खाद्य टाकायला झाकण उचलतो तेव्हा त्याचे घर फाटते आणि पिल्लू झाकणाच्या खालच्या बाजूला, म्हणजे आपल्या हाताखालीच असते. आपली नजर डब्याच्या तळाशी, झाकण हातात, आणि दीड सेंटिमीटरचा जीव मनगटावरून किंवा झाकणाच्या पाठीवरून निघून गेलेला असतो. यावर साधा उपाय आहे. झाडावरच्या कोळ्यांच्या पिल्लांचा पारदर्शक डबा उलटा ठेवावा, म्हणजे झाकण जमिनीकडे आणि डब्याचा बूड वर. कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) पातळ थर झाकणातच भरावा, झाडाच्या सालीचा तुकडा उभा ठेवावा आणि हवेची छिद्रे बाजूला पाडावीत. पिल्लू वरच्या टोकाला जाळे विणते, आणि तुम्ही डबा उचलता तेव्हा उघडणारे तोंड त्याच्यापासून सर्वात लांब असते. मोठ्या पिंकटोसाठी समोरून उघडणारी पेटी घ्यावी, मात्र तिचे दार जाळ्याच्या उंचीच्या बरेच खाली असावे.

छिद्रे पाडताना गरम सुई किंवा बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आतून बाहेर दाबावे, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची खरखरीत कड बाहेर राहते आणि आत पायाला लागत नाही. झाकणाला तारेची जाळी लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण टॅरंटुलासाठी मी ती काढून टाकायला सांगतो. पायाच्या टोकाची नखे जाळीच्या घरात अडकतात, प्राणी उलटा लोंबकळतो आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो किंवा तो खाली पडतो. जमिनीवर राहणाऱ्या जड टॅरंटुलाचे पोट फुटभर उंचीवरून पडूनही फुटू शकते, आणि एकदा फुटले की वाचणे कठीण असते. प्लास्टिकची मऊ जाळी तर ती दातांनी फाडते. या पडण्याच्या भीतीमुळेच जमिनीवरच्या जातींसाठी मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवू नये. याचा दुसरा फायदा असा की माती खोल भरली, तिला बीळ करता आले, की तिला भिंतीवर चढण्याचे कारणच उरत नाही. जी टॅरंटुला रोज रात्री काचेवर फिरते ती बहुधा माती फार ओली आहे, लपायला जागा नाही किंवा हवा कोंडली आहे हे सांगत असते. याला एक अपवाद आहे. नर शेवटची कात टाकून प्रौढ झाला की मादीच्या शोधात रात्रभर भटकतो, आणि त्याला पेटीतली कोणतीही सोय रोखत नाही. तोंडाजवळच्या छोट्या पायांची टोके बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसू लागली की त्या दिवसापासून झाकणाला दुहेरी बंदोबस्त करावा.

गुळगुळीत भिंतीवर विसंबू नये हे टॅरंटुलाबाबत वेगळे सांगायला हवे. तिच्या पायांच्या तळव्यांवर अतिसूक्ष्म केसांचे दाट गुच्छ असतात, आणि त्यांच्या बळावर ती स्वच्छ काचेवर उभी चढते. पेटीच्या वरच्या कडेला आतून पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढण्याचा सल्ला झुरळे आणि रातकिडे यांच्या डब्यांपुरता ठीक आहे; टॅरंटुलासाठी तो कामाचा नाही, आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती जेली ओघळून खाली येते. खाद्य म्हणून ठेवलेल्या रातकिड्यांच्या बादलीला वरच्या बाजूने आतून चार बोटे रुंदीची गुळगुळीत पॅकिंग टेप लावली तर त्यांचे पाय घसरतात. झाकणाला मात्र धातूचीच जाळी हवी, कारण रातकिडे प्लास्टिकची जाळी कुरतडतात.

इतके सगळे केले तरी माझ्या पाहण्यातले बहुतेक प्राणी बंद झाकणातून निसटलेले नाहीत. ते झाकण माणसाने उघडलेले असताना गेले आहेत. म्हणून पेटी उघडण्याची रीत ठरवून घ्यावी आणि ती एकदाही मोडू नये. उघडण्याआधी प्राणी नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. दिसत नसेल तर टॉर्च लावावा, आणि तरीही दिसला नाही तर त्या दिवशी उघडू नये. हे काम दिवसा करावे, कारण रात्री हे प्राणी जागे आणि चपळ असतात. छताचा पंखा बंद ठेवावा. वाऱ्याच्या झोताने कोळी भरधाव सुटतो, आणि त्याच कारणाने त्याच्यावर कधीही फुंकर मारू नये. डाव्या हाताशी एक रुंद तोंडाचा पारदर्शक डबा आणि एक कडक पुठ्ठा तयार असावा. उजव्या हातात लांब दांड्याचा मऊ ब्रश असावा. कोळ्याला हलवायचे असेल तर ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करावा, म्हणजे तो पुढे सरकतो. समोरून स्पर्श केला तर तो अंगावर येतो किंवा दिशाहीन पळतो. रेडनीसारख्या अमेरिका खंडातल्या जाती घाबरल्यावर मागच्या पायांनी पोटावरचे दाहक केस उडवतात. ते डोळ्यात गेले तर इजा गंभीर असते, म्हणून चष्मा किंवा गॉगल लावूनच वाकावे आणि मुलीला त्या वेळी जवळ बसू देऊ नये.

एका पेटीतून दुसऱ्या पेटीत हलवण्याचे काम खोलीत करू नये, न्हाणीघरात करावे. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून बसवावा, कमोडचे झाकण पाडावे आणि मोरीची जाळी उलट्या वाटीने किंवा ओल्या फडक्याने बंद करावी. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते, आणि मोरीत उतरलेला प्राणी परत मिळत नाही. जमिनीवर पांढरी चादर पसरावी, मोठ्या पारदर्शक टबात दोन्ही पेट्या ठेवाव्यात आणि सगळे काम त्या टबाच्या आत करावे. कोळी पेटीतून सुटला तरी टबात राहतो आणि तुम्हाला डबा ठेवायला चारपाच सेकंद मिळतात. तेवढे पुरतात.

विंचवाची गोष्ट वेगळी आहे. त्याला स्वच्छ काच किंवा गुळगुळीत प्लास्टिक चढता येत नाही, त्यामुळे लोक उघड्या टाकीतही त्याला सुरक्षित समजतात. काचेच्या टाकीच्या उभ्या कोपऱ्यांत मात्र सिलिकॉनचा जोड असतो, आणि ती रबरासारखी रेघ विंचवासाठी शिडीच असते. आमच्या विभागात जाड चिमट्यांचा काळा विंचू होता. एका सकाळी टाकीत तो नव्हता, आणि मागच्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर मातीचे बारीक ठिपके तळापासून काठापर्यंत गेलेले होते. त्यानंतर मी विंचवांसाठी सांधा नसलेले, एकसंध साच्यातले प्लास्टिकचे डबे वापरू लागलो. काचेची टाकीच वापरायची असेल तर वरच्या अर्ध्या भागातले आत आलेले सिलिकॉन पात्याने सपाट तासावे, आणि उष्णतामापकाची वायर, लाकूड किंवा दगड काठाजवळ येऊ देऊ नये. दुसरी अडचण पिल्लांची आहे. विंचवाची मादी पिल्लांना पाठीवर वाहते आणि पहिली कात टाकल्यावर ती खाली उतरतात. आईसाठी पुरेशी बारीक असलेली हवेची चीर त्यांना दरवाजासारखी असते. पाठीवर पिल्ले दिसली त्याच दिवशी चिरांवर आतून बारीक स्टीलची जाळी चिकटवावी आणि पिल्ले मोजून आकडा डब्यावर लिहावा. जाळी मी एकदा लावली नव्हती, आणि २२ पिल्लांपैकी १४च हाती लागली.

विंचू आणायचाच असेल तर कोणता, याबद्दल मला स्पष्ट बोलायला हवे. कोकणात आणि राज्याच्या इतर भागांत आढळणारा लाल विंचू घरात पाळू नये. त्याचे चिमटे बारीक असतात आणि विष हृदयावर परिणाम करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तेव्हापासून मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण उपचार आहे म्हणून धोका पत्करणे बरोबर नाही. जंगलातून कोणताही प्राणी उचलून आणू नका. विदेशी एम्परर विंचू, तुमची रेडनी ज्या ब्रॅकीपेल्मा प्रजातीत येते ती सबंध प्रजाती, आणि २०१९ पासून आपल्याकडच्या झाडांवरच्या पोएसिलोथेरिया टॅरंटुला, हे सर्व साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. रेडनीची नोंद केली नसेल तर ते काम आधी करावे.

घोणीबाबत माझे उत्तर नकारार्थी आहे. ती चपटी असते, डोके गेले की सगळे शरीर मागून ओढून नेते, मागच्या पायांवर उभी राहून कोपऱ्याच्या आधाराने आपल्या लांबीएवढी उंच पोहोचते, आणि तिचा दंश अतिशय वेदनादायक असतो. तिचा डबा तिच्या लांबीच्या दुप्पट उंच, कड्यांनी आवळलेला आणि धातूच्या जाळीचा असावा लागतो. हे सारे शक्य आहे, पण लहान मूल असलेल्या घरात मी ते सुचवणार नाही. पैसा किड्यासारखे संथ प्राणी ठेवायचे असतील तर सिलिकॉनच्या कोपऱ्यांची काळजी तेवढी पुरेशी आहे.

काडीकिड्यांचे निसटणे सर्वात कमी ओळखले जाते, कारण ते अंड्यांच्या रूपाने होते. घरोघरी असतो तो बहुधा भारतीय काडीकिडा, मूळ तामिळनाडूतला. त्याच्या माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि एक मादी काहीशे अंडी तळाशी टाकते. ती दोनतीन मिलिमीटरची, बियांसारखी दिसतात आणि विष्ठेत मिसळून जातात. आपण पिंजरा झाडतो, कचरा ओल्या कचऱ्यात टाकतो, आणि काही महिन्यांनी सोसायटीच्या बागेत पिल्ले निघतात. हाच किडा अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या काही भागांत असाच बाहेर पडून स्थिरावला आहे. पिंजऱ्याचा प्रत्येक कचरा तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा किंवा त्यावर उकळते पाणी ओतावे आणि मगच टाकावा. गोगलगाय ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. शंखी गोगलगाय तर मुळात आफ्रिकेतून आपल्याकडे आणली गेलेली आहे.

आता हरवलेल्या पिल्लाकडे वळतो. घरात कीटकनाशकाची फवारणी किंवा धूर केला असेल तर आशा सोडावी. केला नसेल तर ती अजून आहे. चिकट सापळे लावू नका, त्यातून प्राणी जिवंत सुटत नाही. शेजाऱ्यांना सांगा आणि पेस्ट कंट्रोलची तारीख पुढे ढकला. रेडनी जमिनीवरची असल्याने खाली, यंत्राच्या उबेत सापडली. पिंकटो वर जातो, म्हणून पडद्याच्या दांडीमागे, फोटोफ्रेमच्या पाठीमागे, कपाटाच्या वरच्या कडेला आणि गीझरच्या आसपास शोधा. कोपऱ्यांत पांढऱ्या जाळ्याची छोटी नळी दिसते का ते पाहा, ती पिल्लापेक्षा आधी नजरेस पडते. त्याला पाण्याची ओढ असते, म्हणून भिंतीला टेकवून पुठ्ठ्याच्या उभ्या नळ्या ठेवा आणि प्रत्येकीत ओल्या कापसाचा बोळा ठेवून रोज रात्री दहानंतर टॉर्चने पाहा. विंचू हरवला असता तर अतिनील टॉर्च पुरला असता, कारण त्याचे कवच त्या प्रकाशात हिरवट निळे चमकते. कोळ्याला ती सोय नाही.

पिल्लू मिळाले तर त्याला हाताने उचलू नका, डबा ठेवून खालून पुठ्ठा सरकवा. पोट सुरकुतलेले असेल तर तहान मोठी आहे असे समजून डब्याच्या भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडा. पोटावर ओलसर ठिपका दिसला तर जखम आहे, त्यावर मक्याच्या पिठाची चिमूट टाकून रक्त थांबते का ते पाहा. त्यानंतर आठवडाभर खाद्य देऊ नका आणि डबा उघडू नका, उलटा ठेवलेला असला तरीही.